कुत्रा रात्रीचं जेवण सकाळी ओकतो: घड्याळापासून बेरियमपर्यंत काय काय तपासायचं

पहाटे साडेपाचला गॅलरीत ओकारी, आणि तिच्यात काल रात्रीच्या भाताची शितं अख्खीच्या अख्खी. हे दृश्य मी इतक्या वेळा पुसून काढलंय की आता वासावरून ओळखते. ठाण्यात पाचपाखाडीला घरी मी गेली अकरा वर्षं लोकांची कुत्री सांभाळते. कुणी गावी निघालं, कुणाकडे लग्न निघालं की चार-आठ दिवस त्यांचं कुत्रं माझ्याकडे असतं. सोडायला आलेली दहातली दोन-तीन माणसं तरी हेच सांगतात, "ताई, याला रात्रीचं पचतच नाही, सकाळी काढून टाकतो." मी डॉक्टर नाही. पण यातली बरीच प्रकरणं घरच्या घरी मिटलेली पाहिली आहेत, आणि जी मिटली नाहीत ती कुठे अडली होती तेही पाहिलंय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

लक्षणं कोणती

जेवून आठ-दहा तास उलटल्यावर उलटी होते आणि त्यात अन्न ओळखू येतं. वास आंबट येतो. जेवणानंतर कितीतरी वेळ पोट टम्म राहतं, ढेकरा येतात. कुत्रा ताटाशी उत्साहाने येतो, चार घास खातो आणि तोंड फिरवतो. ओठ चाटत राहतो, लाळ गळते, खाली नेलं की गवतावर तुटून पडतो. दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. काहींचं वजन हळूहळू उतरतं. ते रोज पाहणाऱ्याला कळत नाही, गळ्यातला पट्टा एक भोक घट्ट करावा लागला की कळतं.

यासारखे दिसणारे पण वेगळे असे दोन प्रकार आहेत. कुत्रा मान खाली घालतो आणि पोट न ढवळता, उमासा न येता, अन्न नळीच्या आकारात बाहेर पडतं. बहुतेक वेळा जेवल्यावर लगेच. ही उलटी नव्हे. अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, दोष अन्ननलिकेत असतो. तेव्हा खालच्या घरगुती तपासण्यांत वेळ घालवू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दुसरा प्रकार म्हणजे सकाळी फक्त पिवळं, फेसाळ पित्त, अन्नाचा कण नाही. तिथे पोट उलट फार वेळ रिकामं राहिलेलं असतं. झोपायच्या आधी मूठभर खायला दिलं की बरीच कुत्री आठवडाभरात सुधारतात.

इथे थांबा आणि आत्ताच निघा

हे खरं तर शेवटी यायचं, पण कुणी अर्ध्यात वाचणं सोडलं तर निदान एवढं वाचलेलं असावं.

पोट नगाऱ्यासारखं ताणलंय, कुत्रा सारखा उमासे काढतोय पण बाहेर काही येत नाही, एका जागी बसवत नाही: जठर फुगून पिळलं गेलं असण्याची शक्यता आहे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त. यात सकाळची वाट पाहायची नसते, तासांवर जीव असतो. उलटीत रक्त किंवा कॉफीची पूड भिजवल्यासारखं काळपट काही दिसलं, पाणीसुद्धा टिकत नाही, दिवसात तीन-चार वेळा उलटी झाली, हिरड्या कोरड्या-चिकट झाल्या, किंवा लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करतंय, तरीही तेच. तोंडातून किंवा मागून दोरा, मांजा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत तो आतड्यात गुंतलेला असतो आणि ओढताना आतडं चिरतं.

रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गायमुखला ट्रकची रांग लागली की पंधरा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो.

पहिली तपासणी: घड्याळ आणि वही

पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त कळतं यातूनच. "पचत नाही" या शब्दांनी डॉक्टरला काहीच समजत नाही. "साडेआठला जेवला, सकाळी सातला काढलं, साडेदहा तास" असं सांगितलंत की पुढची दिशा मिळते.

साधारण जेवण कुत्र्याच्या जठरातून सहा ते आठ तासांत बरंचसं खाली सरकतं. कोरड्या दाण्यांचं मोठं जेवण किंवा तुपकट जेवण असेल तर दहा तासांवरही जातं. त्यामुळे सातव्या तासाच्या एका उलटीने घाबरू नका. पण बारा तास उपाशी असलेल्या कुत्र्याच्या उलटीत परत परत अन्न दिसत असेल, तर पोट रिकामं व्हायला नक्की उशीर होतोय.

आता अडचण अशी की बाहेर पडलं ते कोणत्या वेळचं, हे कसं ओळखायचं? दोन्ही वेळा दहीभात किंवा तेच दाणे असतील तर कळत नाही. मी खूण घालते. रात्रीच्या जेवणात चमचाभर उकडलेलं गाजर बारीक चिरून, सकाळच्या जेवणात तेवढीच उकडलेली फरसबी. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. सकाळच्या उलटीत केशरी तुकडे दिसले तर ते काल रात्रीचं. हिरवे दिसले तर ते काल सकाळचं, म्हणजे चोवीस तास झाले, आणि मग घरचे प्रयोग बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. बीट वापरू नका. लाल उलटी पाहून घरात रडारड होते, आणि खरं रक्त आलं तर ते बिटात लपून जातं.

वहीत पाच गोष्टी लिहा: काय दिलं, किती दिलं, किती वाजता, उलटी किती वाजता, त्यात काय होतं. फोटोही काढा. किळस वाटते, मला माहीत आहे, तरी काढा.

दुसरी तपासणी: मधलं सटरफटर

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून याच्यावर जरा थांबते.

कुत्र्याचं जठर दोन पद्धतीने काम करतं. जेवण आत असताना ते अन्न घुसळतं, दळतं, आणि जठराच्या खालच्या तोंडातून जवळपास दोन मिलिमीटरहून बारीक झालेला लगदाच पुढे सोडतं. जे दळलं जात नाही, जाड साल, हाडाचा तुकडा, गवत, ते मागे राहतं. जेवण संपून पोट रिकामं झालं की दुसरी पद्धत सुरू होते. साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक जोरकस लाट जाते आणि मागे राहिलेलं सगळं झाडून नेते. ही लाट १९६९ साली कुत्र्यांच्याच आतड्यांवरच्या अभ्यासात नीट नोंदवली गेली.

पंगत उठल्याशिवाय कुणी खरकटं काढत नाही. तसंच हे. घरात आजोबांचा दहाचा चहा, त्यात अर्धं बिस्किट कुत्र्याला. बाराला कणकेचा गोळा. चारला शेवेचा चिमटा. सहाला शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली पोळी. पंगत उठतच नाही. प्रत्येक घासाला जठर पुन्हा जेवणाच्या पद्धतीत जातं आणि झाडणारी लाट थांबते. मग दिवसभराचं साठलेलं पहाटे वरून बाहेर येतं.

उपाय म्हणजे चार दिवस मधे काही नाही. फक्त पाणी. घरातल्या प्रत्येकाला सांगा, कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनला आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुलांनाही. वर्तकनगरच्या एका काकांना मी म्हटलं होतं, "काका, बिस्किटं बंद करू नका, रात्रीच्या ताटातच ठेवा." त्यांना ते जमलं. त्यांचा लॅब्राडोर पाचव्या दिवसापासून थांबला. आजारात कुत्र्याला खाऊ घालणं हा आपला प्रेमाचा मार्ग असतो, म्हणून नुसतं "बंद करा" म्हणून चालत नाही, वेळ बदलून द्यावी लागते.

तिसरी तपासणी: ताट

एका वेळी किती देता ते वजनकाट्यावर मोजा. दोन वेळांचं अन्न तेवढंच ठेवून तीन वेळांत वाटा. लहान जेवण लवकर उतरतं. तूप, साय, चिकनची कातडी, पनीर आठवडाभर काढून टाका. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की आतडंच जठराला "हळू सोड" असं कळवतं, त्यामुळे तुपकट जेवण सगळ्यात सावकाश उतरतं. शिवाय सणासुदीच्या तळणाने स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री मी दर दिवाळीत बघते. पोट दुखत असलं की ती पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरतात, नमस्कार घातल्यासारखी. असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

गिळंकृत करणाऱ्यांसाठी इडलीपात्राची एक ताटली घ्या. सात खळग्यांत दाणे विभागून ठेवले की चाटून काढायला वेळ लागतो आणि हवा कमी गिळली जाते. महागडं भांडं घ्यायची गरज नाही. जेवण झाल्यावर तासभर उड्या, पळापळ, जिना बंद.

चौथी: मन आणि औषधं

भ्यालेल्या कुत्र्याचं पोट थांबतं. एक्स-रेचा शोध लागून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हा वैद्यकीचा विद्यार्थी मांजरांना एक्स-रेत उठून दिसणारं बिस्मथ घातलेलं अन्न देऊन जठराची हालचाल बघत होता. मांजर बिथरलं की पडद्यावर दिसणाऱ्या जठराच्या लाटा थांबायच्या, शांत झालं की परत सुरू. फटाक्यांच्या आठवड्यात, घर बदललं की, माझ्याकडे पहिल्यांदा राहायला आलेल्या कुत्र्यात पहिल्या दोन रात्री, मला हेच दिसतं. त्या दिवसांची नोंद वहीत वेगळी करा, नाहीतर नेहमीचा आजार समजून पुढच्या तपासण्या कराल.

चालू असलेली औषधंही लिहून काढा. काही वेदनाशामकं आणि गुंगीची औषधं पोटाची गती कमी करतात. आणि कृपा करून घरातली उलटीची गोळी देऊ नका. मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध जठराला जोरात ढकलायला लावतं. खाली वाट बंद असेल तर ते ढकलणं जिवावर बेतू शकतं. ताप-दुखीच्या माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याच्या जठराला जखमा करतात.

पाचवी: काय गिळलंय?

मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर किंवा उपवन तलावाशी टाकलेलं भुट्ट्याचं कणीस, संक्रांतीला मांजा, बारा महिने मोजे. घरात विचारा, लहान मुलांना न रागावता विचारा.

हे मी आमच्या बंड्यावर शिकले. बंड्या नऊ दिवस अधूनमधून ओकत होता. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी उलटी, परत खेळायला तयार. मी पेजेवर ठेवलं, दाणे बदलले, मधलं खाणं बंद केलं. कोय जठरात मोकळी फिरत होती. ती खालच्या तोंडाशी येऊन बसली की वाट बंद, बाजूला झाली की वाट मोकळी, म्हणून बरे दिवस आणि वाईट दिवस. दहाव्या दिवशी पोट उघडून काढली. काळी पडलेली कोय डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली तेव्हा आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी रसाच्या दिवशी कचऱ्याची पिशवी फाटलेली होती. मी तिला गाठ मारून खाली नेऊन टाकली होती आणि कोयी मोजल्या नव्हत्या.

म्हणून माझी मर्यादा आता ठरलेली आहे. दुसरी, तिसरी आणि चौथी तपासणी मिळून चार दिवस. कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, शी होतेय तोवरच. चार दिवसांत फरक नाही, किंवा काही गिळल्याचा नुसता संशय आहे, तर घरचे उपाय संपले. उशीर केला तर आणखी एक गोष्ट होते: सारख्या उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम कमी झालं की जठराचे स्नायू अजूनच मंदावतात. आजार स्वतःलाच खतपाणी घालतो.

डॉक्टरांकडे: मोजणी कशी होते

रक्त आणि शी तपासली जाते, कारण मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड, क्षार यांतलं काही बिघडलं तरी पोट मंदावतं. ते झालं की प्रतिमा.

पहिला साधा एक्स-रे, बारा तास उपाशी ठेवून. (पिल्लू असेल किंवा कुत्रा इन्शुलिनवर असेल तर उपाशी ठेवण्याआधी विचारा.) बारा तासांनंतरही जठरात अन्न दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. काही जण थेट बेरियमचा, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव्य पोटात देऊन फोटो काढण्याचा, आग्रह धरतात. तसं करू नका. बेरियमच्या पांढऱ्या ढगात कोय, चेंडू झाकून जातो आणि नंतर सोनोग्राफी, दुर्बीण दोन्हीला अडथळा येतो. आतडं फाटल्याचा संशय असेल तर बेरियम देतच नाहीत.

मग सोनोग्राफी. कणसाचा तुकडा एक्स-रेत पुष्कळदा चकवतो, इथे सापडू शकतो. जठराच्या खालच्या तोंडाची भिंत जाड झालीय का तेही दिसतं. निरोगी कुत्र्यात जठराच्या लाटा मिनिटाला चार-पाच मोजता येतात. भादरलेल्या पोटावर जेल लावून डॉक्टर पडद्याकडे बोट करतात आणि "आली... गेली... आली" म्हणत राहतात, तेव्हा घड्याळ तुम्हीही लावू शकता.

एवढ्याने उत्तर मिळालं नाही तर बेरियम. यात एक गोष्ट विचारून घ्या: नुसतं पातळ बेरियम देणार की अन्नात कालवून? मोरीच्या जाळीतून पाणी जातं, शितं अडतात. पातळ बेरियम तासा-दोन तासांत उतरलं म्हणजे भातही उतरतो असं होत नाही. तक्रार अन्नाची असेल तर अन्नासोबतच बघावं लागतं, आणि मग दर काही वेळाने एक्स-रे घेत बहुतेक अख्खा दिवस जातो. कुत्र्याच्या सवयीचं जेवण घरून डब्यात न्या, कारण परक्या जागी, परकं अन्न तो तोंडाला लावत नाही, आणि जबरदस्तीने भरवलं तर बेरियम फुप्फुसात जायची भीती असते. त्याची चादर न्या. ज्याच्याशी तो शांत असतो त्या माणसाने थांबा. कॅननच्या मांजराचं वर सांगितलंच आहे: घाबरलेल्या कुत्र्याची मोजणी उशिराच येते. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही निकालाच्या कागदावर लिहून घ्या, तेही वेळ लांबवतं.

संशोधनात यापेक्षा अचूक मार्ग आहेत. टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ अन्नात मिसळून कॅमेऱ्याने मोजणं हा त्यातला मापदंड मानतात. श्वासातला कार्बन-१३ मोजणारी चाचणी आहे, आणि दाब-आम्लता नोंदवत जाणारी सुमारे २६ मिलिमीटर लांबीची कॅप्सूलही वापरली गेली, जी छोट्या कुत्र्यांना देताच येत नसे. आपल्याला बहुतेकदा तिथवर जावं लागत नाही. जवळ सोय नसेल तर परळचं १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच; तिकडे पाठवायचं का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कासारवडवलीचा चिकू, नऊ वर्षांचा शित्झू, माझ्याकडे पाच दिवस होता. वहीत आकडे होते: अकरा तास, तेरा, बारा, आणि एकदा हिरवी फरसबी. म्हाताऱ्या होत चाललेल्या शित्झू, ल्हासासारख्या लहान जातींत जठराच्या खालच्या तोंडाचं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होते, हे मला आधीच्या एका कुत्रीमुळे माहीत होतं. त्याच्या घरच्यांना बंगळूरला फोन केला आणि ती वही घेऊन मीच दवाखान्यात गेले. चौदा तास उपाशी असूनही साध्या एक्स-रेत पोट भरलेलं. सोनोग्राफीत भिंत जाड. बेरियमची गरजच पडली नाही. शस्त्रक्रिया झाली, काढलेला तुकडा तपासायला गेला, गाठ निघाली नाही.

आता तो तीन वेळा जेवतो, इडलीच्या ताटलीत. रात्रीच्या भातात त्याच्या घरची ताई अजून गाजर घालते.